येते म्हणावं

धंतोलीतली जुनी घरं आता संग्रहालयं झाली होती आणि प्रत्येक घर आपल्या दिवंगतांच्या बोलत्या छबी सांभाळत असे. कुंदा डबीर दर रविवारी थोरल्या बहिणीच्या छबीशी गप्पा मारायला जाई. बहीण हयात असताना तिला एवढी सवड कधी मिळाली नव्हती.

आज उठताना ती म्हणाली, "येते गं माई."

दार उघडलं नाही.

"आपण आलेल्याच आहात," घर अदबीनं म्हणालं. दार हल्ली माणसाच्या शब्दावर उघडत असे.

"अरे मेल्या, निघताना असंच म्हणतात!"

"जायचं असेल तर तसं सांगा."

"नको गं, तसलं बोलू नकोस," माई घाईनं म्हणाली.

पण घरी कणीक भिजवून ठेवली होती आणि कुंदाचा पारा चढला होता. "बरं, जाते! गेले मी! झालं समाधान?"

घरानं ते शब्द नोंदवून घेतले. मराठी त्याला सोयीपुरती कळत होती.

"फार वाईट झालं," ते म्हणालं.

माईनं डोळे पुसले आणि सरकून शेजारी जागा करून दिली. मग दार उघडलं, पण फक्त दर्शनाला येणाऱ्यांसाठी.