टेरेलची खुर्ची

डेट्रॉइटमधल्या त्या कृष्णवर्णीय नाटकमंडळीची रविवारची बैठक रंगमंचावरच भरायची. सगळे गोल बसून आपल्या वारलेल्या माणसाचं नाव घ्यायचे, रडायचे आणि हलके होऊन घरी जायचे. नाव घेतलं की समोरच्या रिकाम्या प्रेक्षागृहात एक दुमडलेली खुर्ची आपोआप उघडायची, कुणी येऊन बसल्यासारखी. आता त्याची भीती कुणालाच वाटत नसे.

नटी ओडेसा मात्र गप्प राहायची. तिचा धाकटा भाऊ टेरेल दोन वर्षांपासून बेपत्ता होता. पोलिसांनी तपास थांबवला होता, आईनंही आशा सोडली होती. त्या रविवारी ओडेसा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ, टेरेल."

सगळे समोरच्या अंधारात बघत राहिले. एकही खुर्ची हलली नाही.

"पुन्हा म्हणू का?" तिनं विचारलं.

मंडळीच्या म्हाताऱ्या दिग्दर्शिका, मिस वर्ना, तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचा हात धरला.

"नको पोरी," त्या कुजबुजल्या. "हे नाव इथे घ्यायचं नाही. जा, शोध त्याला."

ओडेसा अनवाणीच रस्त्यावर धावली.