दहावा टोल

"दहा टोल? त्याला? नऊसुद्धा जास्त होतील," मानोलाके म्हणाला आणि त्याने मूठ टेबलावर आपटली.

इओर्गू बालाबानला जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. ब्राइला बंदरातल्या गोदीच्या आमच्या बॉक्सिंग क्लबात चाळिसाव्याला रिंगची घंटा दहा वेळा वाजवतात, पण ती फक्त अव्वल गड्यासाठी. बाकीच्यांचं चर्चमधल्या प्रार्थनेवर भागतं. सत्तर वर्षांत हा मान तिघांनाच मिळाला होता. इओर्गू चौथा आहे का, यावर सकाळपासून खल चालला होता. त्याची बायको प्रोफिरा गव्हाच्या गोड कोलिवाचं ताट मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती.

"हेवीवेट म्हणजे नुसतं वजन नव्हे, वहिनी," मानोलाके म्हणाला. तो क्लबचा अध्यक्ष, आणि तरुणपणी दोनदा देशाचा विजेता. "पोती उचलून अंग भरलं होतं, एवढंच. ना बचाव, ना पाय. जन्मात एक मोठी लढत जिंकला, तीही सांदूच्या मेहेरबानीने."

"ती एक लढत युरोपच्या विजेत्याशी होती, दादा. तुमच्या दोन्ही कुणाशी होत्या ते मला सांगायला लावू नका."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मानोलाकेचे कान लाल झाले.

सांदू कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या लढतीत घंटेपाशी तोच होता. गडी पडला की वेळ बघणारा हातोडीने रिंगच्या फळीवर सेकंदाला एक ठोका देतो आणि पंच त्यावर आकडा पुकारतो. दहाव्या ठोक्याला खेळ खलास. आठव्या फेरीत त्या युरोपविजेत्या हंगेरियनने इओर्गूला पालथं पाडलं. नऊ ठोके पडले, इओर्गू उठला आणि पुढच्याच मिनिटाला त्याने हंगेरियनला झोपवलं. पण पाहुण्यांच्या हातात घड्याळं होती. नवव्या ठोक्यानंतर तीन सेकंद काहीच वाजलं नाही, असं त्यांच्या पेपरांनी छापलं. इओर्गू उरलेलं सगळं आयुष्य त्या तीन सेकंदांखाली दबून जगला. गुत्त्यात कुणी हसलं तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत.

"आणि हा शहाणा," मानोलाके सांदूकडे बोट करून म्हणाला, "लढतीनंतर आठवडाभर हात गळ्यात बांधून फिरत होता. खोटं मोजून दुखला असेल!"

सांदूने त्यानंतर हातोडीला कधीच हात लावला नाही, हे मात्र खरं होतं.

प्रोफिरा उठली. तिने ताट टेबलावर ठेवलं. "मरायच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, प्रोफिरा, मी खरंच जिंकलो होतो का गं? मला उत्तर देता आलं नाही. आज द्या कुणीतरी."

मानोलाके तोंडाचा फटकळ, पण माणूस वाईट नव्हता.

"सांदू," तो हळू आवाजात म्हणाला, "चाळिसाव्याला कुणी खोटं बोलत नाही. ते तीन सेकंद तू त्याला दिलेस का?"

"मी दिले नाहीत."

"शपथेवर?"

"शपथेवर. मी नाही दिले."

मानोलाकेचा विश्वास बसला नाही, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तरी तो म्हणाला, "ठीक आहे. मग टोलही तूच दे."

सांदूचा चेहरा पांढराफटक पडला. "दुसऱ्या कुणाला तरी सांग रे," तो पुटपुटला. पण प्रोफिराने हातोडी आधीच त्याच्यापुढे धरली होती.

बरोबर बारा वाजता खिडक्या लावल्या. रिंगवरचा एकच दिवा ठेवला. लाल कोपऱ्यात दोरांवर इओर्गूचे जुने ग्लोव्हज टांगले होते. सगळे उभे राहिले. मानोलाकेने सवयीने खिशातलं घड्याळ काढून चालू केलं.

सांदूने पहिला टोल दिला. दुसरा, तिसरा. आठव्याला प्रोफिराने डोळे मिटले. नववा वाजला, आणि सांदूची हातोडी वर गेली ती तिथेच राहिली.

लाल कोपऱ्यातला वरचा दोर खाली दबला. वजनदार माणूस उठताना दोर पकडतो, तेव्हा दबतो तसा. ग्लोव्हज हलले. रिंगची फळी एकदा करकरली, मग शेजारची. कुणीतरी गुडघा टेकून अंग सावरत होतं. रिंगमध्ये कुणीही नव्हतं. माझ्या शेजारचा म्हातारा मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागला. सांदूच्या कपाळावरची शीर तटतटली होती आणि हात तसूभर हलत नव्हता.

"ऊठ," प्रोफिरा डोळे न उघडताच म्हणाली.

दोर सैल झाला. सांदूचा हात एकदम सुटून खाली आला. त्याने हातोडी टेबलावर ठेवून दिली.

मानोलाके घड्याळाकडे बघत होता. "तीन सेकंद," तो कसाबसा म्हणाला. "सांदू... दहावा राहिला."

"उभ्या गड्याला दहावा देत नाहीत."

मानोलाकेने टोपी काढली. सांदू उजवं मनगट चोळत रिकाम्या रिंगकडे वळला.

"तेव्हाही माझं मनगट असंच धरलं होतं," तो म्हणाला. "आणि तो तर समोर पालथा पडला होता. मी दिले नव्हते रे, मानोलाके. त्याने घेतले होते."