बसण्याची परवानगी

युलाली फॉन्टेनेलनं पांढरा हातमोजा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. बाहेर पोलिसांचा बँड तीच धून परत वाजवायला लागला होता. म्हणजे न्यायाधीश अजून पोचले नव्हते.

"फाटेल तो," थिओ म्हणाला. तिचा थोरला भाऊ. गव्हर्नरबाईंचा भाऊ म्हणून शिपायानं त्याला सभागृहामागच्या खोलीपर्यंत सोडलं होतं. अंगात लग्नाकार्याचा कोट, पायांत वाळूनं पांढऱ्या पडलेल्या सपाता.

"दादा, तू वर गॅलरीत जाऊन बस."

"बसतोच. आधी सांग, वाचणार आहेस ना ते?"

बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. संसदेच्या उद्घाटनाचं भाषण रेडिओवर कालच फुटलं होतं.

"मला नेमलं साता समुद्रापलीकडच्या राजानं, पण भाषण लिहितं इथलं सरकार. मी फक्त वाचते. त्यातला एक शब्द मला बदलता येत नाही."

"मग राजालाच कळव. आपल्या पेती-आंसचा किनारा हॉटेलाला गेला की मी जाळं घेऊन त्याच्या महालामागच्या तळ्यावर येतो म्हणावं."

"तुम्हाला पलीकडे जागा देतायत ना?"

"खडकांवर! तिथं जाळं टाकलं तर मासे राहू दे, जाळंसुद्धा धड वर येणार नाही. आणि युला, तुझी शाळा त्याच जाळ्यावर झाली."

तिनं टोपीची पिन चाचपली. ती जागेवरच होती.

दार वाजलं. पंतप्रधान केल्विन जोसाय आत आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते अजून लंगडत होते. "महामहिम, तयार? अरे, थिओकाका! तब्येत काय म्हणते?"

"तुमच्या भाषणात पेती-आंसचं नाव नसेल तर बरी राहील."

पंतप्रधान मोकळेपणानं हसले. युलाली हसली नाही. "केल्विन, ते किनाऱ्याचं नववं पान. ते तुम्ही नंतर स्वतः मांडा. माझ्या तोंडून नको."

"बाई, मी मांडलं तर उद्या रस्त्यावर टायर जळतील. तुम्ही वाचलंत की लोक म्हणतील, पेती-आंसचीच पोर वाचतेय, विचार करूनच वाचत असेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "न्यायाधीश आलेत. चला."

थिओ दारापाशी थांबला. "तू आत आलीस की सगळी सभा उठेल. मी उठणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

सभा उठली. बिशप, पांढऱ्या केसांचे टोप घातलेले न्यायाधीश, परदेशी वकिलातींची माणसं, दोन्ही बाजूंचे खासदार. रिवाज असा की गव्हर्नरनं मंचावर जायचं, वळायचं आणि म्हणायचं, "कृपया बसून घ्यावं." तोवर कुणी बसत नाही. हे वाक्य भाषणात लिहिलेलं नसतं. ते गव्हर्नरनं आठवणीनं म्हणायचं असतं.

युलाली मंचावर गेली, वळली आणि तिची नजर वर गेली. उभ्या गॅलरीत थिओ एकटा बसला होता. मांडीवर टोपी, नजर तिच्यावर.

तिनं मान खाली घातली, फाईल उघडली आणि वाचायला लागली. "माझं सरकार येत्या वर्षात..."

पहिलं पान संपताना तिच्या लक्षात आलं, कुणीच बसलेलं नव्हतं. मागून तिच्या दिमतीचा पोलीस अधिकारी पुटपुटला, "महामहिम, बसायला सांगायचं राहिलं."

तिनं ऐकलं. आत्ताही सांगता आलं असतं. तिनं पान उलटलं.

रस्ते आले, दवाखाने आले, शाळेतलं दुपारचं जेवण आलं. वर पंखे कुरकुरत होते. एका राजदूताच्या बायकोनं हळूच बुटातून टाच काढली. बिशप या पायावरून त्या पायावर होत होते. पंतप्रधानांनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. ती वाचत राहिली.

गॅलरीत एक हवालदार थिओवर वाकला. "उठा काका. बिशप उभे आहेत, दिसत नाही?" त्यानं थिओच्या खांद्यावर हात ठेवला.

युलाली वाक्याच्या मध्येच थांबली. "त्यांना बसू द्या."

हे भाषणात नव्हतं. ते माइकनं उचललं, रेडिओवरून सगळ्या बेटावर गेलं. हवालदारानं हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग नववं पान आलं. "माझं सरकार पेती-आंसचा किनारा पर्यटनाच्या विकासासाठी हस्तांतरित करील. तेथील मच्छीमारांना पर्यायी जागा देण्यात येईल." वर्गात धडा वाचावा तसं तिनं ते वाचलं. शब्द चुकला नाही, आवाज हलला नाही. शेवटच्या रांगेलाही स्वच्छ ऐकू गेलं.

 वर गॅलरीत थिओ उठला. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि कठड्याला धरून खाली पाहिलं.

"झालं ना वाचून?" तो म्हणाला. आवाज चढवावा लागला नाही. "आता बसव त्यांना, युला. उगाच कशाला पाय दुखवतेस लोकांचे?"

लाकडी जिन्यावरून त्याच्या सपाता वाजत खाली गेल्या. रस्त्यावरचं दार उघडलं, मिटलं.

"कृपया बसून घ्यावं," युलाली म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. सगळी सभा बसली. उभी राहिली ती एकटी.