मंगळवारची उसवण

कॉर्नेल बीस्ली कुबड्या टेकत स्टेडियमच्या तळघरात उतरला, तेव्हा वांडा क्रुझेल शिलाई मशीनवर वाकून बसली होती. त्याच्या खांद्यावर चौसष्ट नंबरची जर्सी होती.

"त्या टोकाला लिफ्ट आहे रे," ती मान वर न करता म्हणाली.

"लिफ्टपाशी पत्रकार आहेत, मिस वांडा."

त्याने जर्सी तिच्या टेबलावर पालथी पसरली. पाठीवरचं 'बीस्ली' हे नाव वर आलं.

"काढा."

"काय काढू?"

"नाव. आज मंगळवार ना?"

पोर्ट कॅल्डरच्या फेरीमेन या अमेरिकन फुटबॉल संघात मंगळवार म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी सामना हरायचा, सोमवारी ओरडा खायचा, आणि मंगळवारी सामानघराचा मिल्ट यादी घेऊन खाली यायचा. कुणाला घरी पाठवलं, कुणाला आणलं. वांडा जुन्या नावाचे टाके उसवायची, नवं नाव शिवायची. गेल्या मोसमात सतरा सामन्यांत दोन विजय मिळाले आणि तिने एकेचाळीस नावं उसवली.

यंदाही पहिले तिन्ही सामने गेले. त्यानंतर नेमकं काय झालं ते गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. उरलेल्या चौदातले बारा जिंकले. बावीस वर्षांनी बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर होणार होता, येत्या रविवारी. आणि वांडाने यंदा फक्त सहा नावं उसवली होती.

कॉर्नेलचं सातवं असणार होतं. परवाच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याने दगा दिला होता. त्याचं काम एकच. समोरून धावून येणाऱ्याला छातीवर घ्यायचं आणि आपल्या चेंडू फेकणाऱ्याला वाचवायचं. नऊ वर्षांत त्याने स्वतः चेंडूला हात लावला नव्हता.

"टेक्सासहून नवा गडी येतोय," तो म्हणाला. "शाळेपासून चौसष्टच घालतो म्हणे. देऊन टाका त्याला."

"फारच उदार झालास."

"उदार कसला! नऊ वर्षं ह्या नंबराने नुसता मार खाल्लाय. आता जिंकायची वेळ आली, तर निदान तो तरी मैदानात असू दे."

वांडाने मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"त्या पोराला मी एकसष्ट देईन. मरत नाही तो. आणि हे नाव मला उसवता यायचं नाही. ह्या जर्सीवर काम आलंय. सकाळपासून तिची वाट बघतेय मी, आणि तू ती घरी घेऊन बसलास! मिल्टने सगळी कपाटं उलटीपालटी केली. मला चोर म्हणायचा बाकी राहिला होता."

तिने खण ओढला आणि 'सी' हे एक कापडी अक्षर काढून त्याच्यापुढे ठेवलं. सोनेरी कडेचं, तळहातात मावेल एवढं. छातीवर शिवायचं, कर्णधाराचं.

कॉर्नेलने ते हातात घेतलं नाही. "चुकून आलंय हे. मी खेळणार नाहीये."

"ठाऊक आहे त्यांना. सकाळी बैठकीत मतं घेतली. तू दवाखान्यात त्या यंत्रात आडवा पडला होतास तेव्हा. रविवारी नाणेफेकीला तू जायचंस."

"किती मतं पडली?"

"बावन्न."

संघात त्याला धरून त्रेपन्न जण होते.

"केसलरचंसुद्धा?" त्याने विचारलं. "ऑगस्टमध्ये सरावात त्याचं नाक फोडलं होतं मी."

"त्यानेच तुझं नाव सुचवलं. नाक अजून वाकडं आहे बिचाऱ्याचं."

कॉर्नेल हसायला गेला, पण ते जमलं नाही. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारच्या खोलीत धुलाईची यंत्रं घुमत होती. वांडाने जर्सी सुलटी केली, छातीवर अक्षर टेकवून बघितलं आणि टाचण्या लावायला घेतल्या. त्याच्याकडे बघायचं तिने टाळलं.

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "कडेच्या रेषेपासून मधोमध जायचं म्हणजे सव्वीस यार्ड."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"पट्टा बांधून पाय टेकायला हरकत नाही म्हणाला. पण कुबड्या तीन आठवडे सोडायच्या नाहीत."

"मग?"

"मिस वांडा, नऊ वर्षं मी त्या मैदानावरून मान खाली घालून बाहेर आलोय. आता आत जाताना कुबड्यांवर जाऊ?"

त्याने दोन्ही कुबड्या टेबलाला टेकवल्या.

"पडलास तर मी तुला उचलू शकणार नाही," वांडा म्हणाली. "एकशे चाळीस किलोचा आहेस तू."

"मग पडत नाही."

तो दार धरून बाहेरच्या बोळात गेला. बोळ लांबलचक होता. दोन्ही बाजूंना मळक्या कपड्यांच्या चाकगाड्या वेड्यावाकड्या उभ्या होत्या. त्याने भिंतीवरचा हात काढला आणि पाऊल टाकलं. गुडघ्यावरचा पट्टा करकरला. वांडा टाचणी दातात धरून दारात येऊन उभी राहिली.

"एक," तो म्हणाला. मग थांबला. कपाळावर घाम आला होता. "दोन."

नवव्या पावलाला बोळाच्या दुसऱ्या टोकाचं दार उघडलं. मिल्ट होता, हातात मंगळवारची यादी घेऊन. त्याने कॉर्नेलकडे बघितलं, दारातल्या वांडाकडे बघितलं.  यादी घडी करून खिशात घातली, आणि समोरच्या चाकगाड्या एकेक करून भिंतीला सरकवायला सुरुवात केली.