चांदीची माउली

भोरच्या नव्या संग्रहालयात जुन्या कॅथलिक चर्चमधल्या चांदीच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. शेजारच्या दवाखान्यात आंबवड्याच्या बाळाबाईंची लेक बाळंतपणात अडली होती. बाहेर बसून जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून बाळाबाई संग्रहालयात शिरल्या. बाळ येशूला कडेवर घेतलेल्या चांदीच्या मेरीमातेसमोर त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

संग्रहालयाच्या प्रमुख मालिनीताई लगबगीनं आल्या. "आजी, हे मंदिर नाही. ही कला आहे, कला! इथं नवस-बिवस बोलायचे नाहीत."

"नवस न्हाई वं बाई. माजी लेक सुटंना. हिच्या कडंवर बी लेकरू हाय, म्हनून म्हनलं, हिला कळंल."

"देवाधर्माचं सगळं बाहेर. सुशिक्षित माणसं येतात इथं."

बाळाबाईंनी चपला उचलल्या. दारात शिपायानं त्यांना बाजूला सारलं, कारण प्रदर्शन बघायला आमदार येत होते.

मालिनीताई धावत पुढं गेल्या आणि भर दारात आमदारांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या,



"साहेब, आमच्या लेकाच्या, शौनकच्या नोकरीचं तेवढं बघा. तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे?"