एकुलती

"हीच ती," टीसी म्हणाला.

त्याने चष्मा वर सरकवून कोर्टात उभ्या असलेल्या वैष्णवीकडे पुन्हा निरखून पाहिलं. "हेच नाक, हेच डोळे. लोणावळा लोकलमध्ये विनातिकीट सापडली. नाव-पत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितला. तारखेला कोर्टात येते म्हणाली, आणि फिरकलीच नाही."

वैष्णवीने ती लोकल आतून कधी पाहिलीही नव्हती. धायरीत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून त्यांच्या दारात दोन गाड्या असायच्या आणि तिसरी घ्यावी का, यावर जेवताना वाद व्हायचे. अशा गेनबांच्या पोरीने लोकलचं तिकीट चुकवलं म्हटल्यावर गावभर हसू झालं. हसले नाहीत ते एकटे गेनबा. पोलीस वॉरंट घेऊन दारात आला, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, चोर सोडून संन्याशाला फाशी! वैष्णवीलाही काही सुचत नव्हतं. तिला हिंजवडीत नवी नोकरी लागली होती, आणि कंपनी रुजू करून घेण्याआधी पोलिसांचा दाखला मागत होती.

गेनबा बाकावरून उठले. "साहेब, कुणीतरी भामटी हाय. माझ्या लेकीचं नाव सांगून सुटली. मला एकुलती एक लेक. तिला हितं उभी करता, आन् ती चोरटी मोकाट? तिला धरा आन् चांगली आत टाका!"

"अहो, बसा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "ही ग्रामसभा नव्हे. इथे विचारल्यावर बोलतात."

वैष्णवीचं मात्र दोघांकडेही लक्ष नव्हतं. हेच नाक, हेच डोळे, एवढं ऐकूनच तिच्या डोळ्यांपुढे एक चेहरा आला होता.

तनुजा. तिची थोरली बहीण. पाठमोऱ्या सोडाच, समोरूनही दोघींना ओळखताना गावातली माणसं चुकायची. तनुजाने आपल्या मनाने, वडलांना मान्य नसलेल्या घरात लग्न केलं. त्याच दिवशी गेनबांनी भिंतीवरचे तिचे फोटो उतरवले आणि सांगून टाकलं, आजपासून मला एकच पोरगी. तनुजानेही नंबर बदलला, गाव बदललं. कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. वैष्णवी तेव्हा शाळेत होती. घरात ताईचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून ती बाहेर पडली की गर्दीत आपल्यासारखा चेहरा दिसतो का ते बघायची. लग्नात, बसस्टॉपवर, सिग्नलला. एवढी वर्षं झाली तरी ती खोड गेली नव्हती.

"नीट बघून सांगा," मॅजिस्ट्रेट टीसीला म्हणाले. "खात्री आहे?"

टीसी घुटमळला. "चेहरा तोच आहे साहेब. पण त्या बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. कडेवर लहान मुलगी होती. गर्दीत पर्स मारली, तिकीट त्यातच होतं म्हणाली. तसं तर सगळेच म्हणतात. पण ही माझ्या लक्षात राहिली ती नावामुळे. नाव सांगितलं आणि पुढे वडलांचं नाव लावलं. मी म्हटलं, बाई, लग्न झालंय, नवऱ्याचं नाव लावा. तर म्हणाली, नको, वडलांचंच लिहा. गेनबा."

वैष्णवीला आता शंका उरली नाही. खोटंच नाव सांगायचं, तर जगात नावांना काय तोटा होता? पण पोर कडेवर घेऊन चार लोकांत उभं केल्यावर ताईच्या तोंडात घरच आलं होतं. बहिणीचं नाव, बापाचं नाव, धायरीचा पत्ता.

"म्हणजे ही ती नव्हे," मॅजिस्ट्रेट म्हणाले. मग वैष्णवीकडे वळले. "तुमच्या घरची एवढी माहिती असलेली ही बाई कोण? ओळखता का तिला?"

एका शब्दात तिची सुटका होती. पण मग तोच पोलीस तेच वॉरंट घेऊन ताईच्या मागे लागला असता. आणि ज्यांनी आत्ताच तिला आत टाकायला सांगितलं, ते वडील इथेच बसले होते. वैष्णवीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"मीच होते साहेब," ती म्हणाली. "तिकीट नव्हतं माझ्याकडे. ते बाळ मैत्रिणीचं होतं."

"असं. आणि मंगळसूत्रही मैत्रिणीचंच असेल?"

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं.

गेनबा पुन्हा उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. या वेळी त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.

"खोटं बोलती ती, साहेब. बहिणीला वाचवाया बगती." त्यांचा आवाज बसला होता. "मगाशी मीबी खोटंच बोललो. मला दोन लेकी हायती. ती थोरली असंल. तनुजा."

"आबा, नको!" वैष्णवी ओरडली. "धरतील हो तिला!"

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? आता वॉरंट तुमच्या थोरल्या मुलीच्या नावानं निघेल. पोलीस तिला शोधून इथे आणतील."

"काढा साहेब," गेनबा म्हणाले. "इतकी वर्सं घरच्यांना चोरून शोधतोय, मला न्हाई घावली. तुमच्या पोलिसांना तरी घावंल."