केसांची मासोळी

सकाळी सहा वाजता वैनगंगेच्या डोहात मरळीने दोरी तोडली आणि तुलारामने बांधलेली नकली मासोळी गळासकट नेली. तापाने खंगलेल्या बायकोने आठवडाभरात एकच गोष्ट मागितली होती: मरळीचा रस्सा. आमिषाला जिवंत मासोळी उन्हाळ्यात मिळेना, म्हणून त्याने तिच्या फणीतल्या केसांची पाठ आणि गोळ्यांच्या चंदेरी कागदाचं पोट करून ती घडवली होती. तो रिकाम्या हातांनी परतला. “भेटली का जी?” “तोडून गेली. दुसरी बांधतो.” “तुमाले कदी आवडले नाई. मरळीले आवडले माहे केस!” ती हसली आणि उरलीसुरली बट पुढे केली. दुपारपर्यंत नवी मासोळी तयार झाली. “पाह्य वं, जित्ती वाटते!” तिने डोळे उघडले नाहीत. त्याने मासोळी तिच्या नाकापाशी धरली. केस हलले. पण दार उघडं होतं आणि नदीवरून वारा येत होता.